दाढ दुखते एका देशात, खुर्ची दुसऱ्या देशात

मेक्सिकोच्या अगदी उत्तर टोकाला लॉस अल्गोदोनेस नावाचं गाव आहे. वस्ती जेमतेम काही हजारांची आणि दाताचे डॉक्टर शेकड्यांनी! रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दवाखाने, माडीवर दवाखाने, बोळात शिरलात तर तिथेही दवाखाने. मधूनमधून औषधांची आणि चष्म्यांची दुकानं. फुटपाथवर उभी असलेली पोरं येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतात, कॅप बसवायची का, रूट कॅनल करायचंय का, चष्मा हवाय का. अमेरिकेत या गावाला लाडाने ‘मोलर सिटी’ म्हणतात. दाढांची नगरी!

इथे यायला विमान लागत नाही. अमेरिकेच्या बाजूला गाडी लावायची आणि पायी सीमा ओलांडायची. ती जागा क्वेचान या मूळनिवासी जमातीच्या राखीव क्षेत्रात येते, त्यामुळे पार्किंगचे पैसेही त्यांच्याकडे जातात. सीमेचं फाटक सकाळी ६ ला उघडतं आणि रात्री १० ला बंद होतं. हिवाळा सुरू झाला की कॅनडातून आणि अमेरिकेच्या बर्फाळ भागातून निवृत्त मंडळी उबेसाठी जवळच्या युमा शहरात मुक्काम ठोकतात आणि त्याच मुक्कामात तोंडाची डागडुजी उरकून घेतात. दुपारची परतीची रांग बघण्यासारखी असते. कुणी गालाला रुमाल लावलाय, कुणाच्या हातात औषधांची पिशवी आहे, भूल अजून पुरती उतरलेली नाही म्हणून अर्ध्याच तोंडाने गप्पा चालल्यात. विषय एकच: तुम्हाला कितीला पडलं?

दातांना वगळा!

इतक्या श्रीमंत देशातली माणसं दातासाठी सीमा का ओलांडतात? उत्तर १९६५ सालात सापडतं. त्या वर्षी अमेरिकेत ज्येष्ठांसाठी मेडिकेअर ही सरकारी आरोग्य योजना आली. हृदय, मूत्रपिंड, हाडं यांच्या उपचारांना तिने आधार दिला. दातांच्या नेहमीच्या उपचारांना मात्र कायद्यानेच बाहेर ठेवलं. त्यामुळे पासष्टी ओलांडलेल्या माणसाला, म्हणजे दात पडायच्या ऐन वयात, मूळच्या मेडिकेअरमधून कवळीसाठी पैसे मिळत नाहीत.

ब्रिटनची गोष्ट आणखी चटका लावणारी आहे. ५ जुलै १९४८ ला तिथली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, तेव्हा दातांचे उपचार आणि कवळ्यासुद्धा फुकट होत्या. पण तीनच वर्षांत कोरियाच्या युद्धापायी शस्त्रांचा खर्च वाढला आणि सरकारने कवळ्या आणि चष्म्यांवर शुल्क लावायचं ठरवलं. ही सेवा ज्याने उभी केली तो मंत्री, अन्यूरिन बेव्हन, याने एप्रिल १९५१ मध्ये राजीनामा दिला. त्याच्या पाठोपाठ हॅरॉल्ड विल्सननेही मंत्रिपद सोडलं. हाच विल्सन पुढे पंतप्रधान झाला. कवळीच्या पैशांवरून मंत्रिमंडळ हललेला देश आहे हा!

आपल्याकडची आरोग्य विमा पॉलिसी काढून बघा. बहुतेक पॉलिसींत दातांचे उपचार वगळलेले असतात, अपघातात दात गेले तरच काही हाती लागतं. जगात बऱ्याच ठिकाणी हीच तऱ्हा आहे आणि मला ती मनापासून चुकीची वाटते. हिरडीतला जंतुसंसर्ग रक्तात उतरू शकतो, दाढेच्या ठणक्याने माणूस रात्ररात्र जागतो, चावता येत नाही म्हणून म्हातारी माणसं पातळ भातावर दिवस काढतात. त्याला आरोग्य म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? विम्यातून दात वगळले गेले, म्हणूनच उपचारांसाठीच्या या प्रवासात दातांचा नंबर इतका वर लागतो.

एका कॅपचा हिशोब

अमेरिकेत एक इम्प्लांट आणि त्यावरची कॅप यांना साधारण ३ ते ५ हजार डॉलर पडतात. लॉस अल्गोदोनेसमध्ये त्याच्या निम्म्यात किंवा त्याहून कमी पैशांत काम होतं. पुण्या-मुंबईत २५ ते ५० हजार रुपयांत बऱ्यापैकी चांगलं इम्प्लांट बसतं. हाडात जाणारा टायटॅनियमचा स्क्रू कित्येकदा त्याच स्वीडिश, स्विस किंवा कोरियन कंपनीचा असतो. मग फरक कशाचा?

जागेचं भाडं, नर्स आणि रिसेप्शनिस्टचे पगार, कॅप घडवणाऱ्या लॅबमधल्या कारागिरांची मजुरी, आणि रुग्णाने खटला भरला तर म्हणून डॉक्टरने स्वतःसाठी काढलेला विमा. शिवाय अमेरिकेत डेंटिस्ट होऊन बाहेर पडणाऱ्या तरुणाच्या डोक्यावर सरासरी ३ लाख डॉलरच्या आसपास शैक्षणिक कर्ज असतं. त्याचा हप्ताही आपल्या दाढेतूनच फिटतो. त्यामुळे स्वस्त म्हणजे हलकं असं धरून चालणं बरोबर नाही, आणि महाग म्हणजे उत्तम असंही नाही.

सशाच्या पायातला शोध

इम्प्लांटचा जन्म दातांच्या दवाखान्यात झालेलाच नाही. १९५२ मध्ये स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क हाड कसं भरून येतं याचा अभ्यास करत होते. त्यासाठी त्यांनी सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची नळी बसवली होती. प्रयोग संपल्यावर ती काढायला गेले तर निघेचना! हाडाने धातूला आपलंसं करून टाकलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. त्या रुग्णाने ते पुढे चाळीस वर्षं वापरले.

आता यातली ग्यानबाची मेख बघा. हाड आणि धातू एकजीव व्हायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. हाडाला घाई कळत नाही. म्हणून इम्प्लांटसाठी परदेशी जाणाऱ्याला बहुतेक वेळा दोन खेपा कराव्या लागतात: एकदा स्क्रू बसवायला, एकदा वरचा दात चढवायला. काही रुग्णांना त्याच दिवशी तात्पुरता दात लावता येतो, पण त्यासाठी हाड दणकट असावं लागतं आणि ते तपासल्याशिवाय कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. ‘एका आठवड्यात पक्के दात’ अशी जाहिरात फोनवर दिसली, तर हे तीन ते सहा महिने कुठे गेले, हा पहिला प्रश्न विचारायचा.

कॅपचं काम मात्र खरोखरच झटपट झालंय. १९८५ मध्ये झुरिकमध्ये संगणकाच्या मदतीने दाताचा तुकडा कोरून देणारं यंत्र पहिल्यांदा रुग्णासाठी वापरलं गेलं. आज तोंडात कॅमेरा फिरवतात, पडद्यावर दात उमटतो आणि शेजारच्या खोलीतलं यंत्र सिरॅमिकच्या ठोकळ्यातून तो कोरून काढतं. पूर्वी माप घ्यायचं, साचा लॅबला पाठवायचा, आठवडाभर थांबायचं. सुट्टीवर आलेल्या माणसाला हे परवडत नसे. परदेशातल्या दातांच्या उपचारांना पाय फुटले ते या यंत्रामुळेही.

ऑस्ट्रियाचे दात, हंगेरीत

१९ ऑगस्ट १९८९ ला हंगेरीतल्या शोप्रोन गावाजवळ ऑस्ट्रियाच्या सीमेवर एक सहल भरली होती. सीमेचं फाटक थोडा वेळ उघडलं आणि पूर्व जर्मनीचे शेकडो लोक पलीकडे निसटले. बर्लिनची भिंत पडायच्या आधीची ही घटना इतिहासाच्या पुस्तकांत आहे. त्याच सीमेवर नंतर उलटी रहदारी सुरू झाली: ऑस्ट्रियातली माणसं दात दाखवायला हंगेरीत येऊ लागली. शोप्रोन आणि मोशोनमाज्यारोवार ही दोन्ही गावं व्हिएन्नापासून शंभर किलोमीटरच्या आत. सकाळी निघायचं, दाढ भरून घ्यायची, गुलाश खायचा (कोणत्या बाजूने चावायचा ते डॉक्टर सांगतात) आणि संध्याकाळी घरी. पाट्या जर्मन भाषेत, रिसेप्शनिस्ट जर्मन बोलणारी. बुडापेस्टच्या सेमेलवाइस विद्यापीठात तर वैद्यकीय आणि दंतवैद्यकीचं शिक्षण जर्मन आणि इंग्रजीतूनही मिळतं, त्यामुळे भाषेची अडचण कॉलेजातच सुटलेली असते.

युरोपीय संघाने २०११ मध्ये नियमच केला. दुसऱ्या सदस्य देशात उपचार घेतले तर ठराविक अटींवर आपल्या देशात जेवढे पैसे परत मिळाले असते तेवढे मिळतात. रुग्णाने सीमा ओलांडणं तिथे हक्काच्या चौकटीत बसवलं गेलं.

मंदीतून उभं राहिलेलं हॉस्पिटल

बँकॉकचं बुमरुनग्राद हॉस्पिटल १९८० मध्ये सुरू झालं. १९९७ मध्ये थायलंडचं चलन कोसळलं, देशात मंदी आली आणि खासगी हॉस्पिटलचं बिल भरू शकणारे थाई रुग्ण आटले. पण बाट स्वस्त झाला म्हणजे परदेशी माणसाला तेच ऑपरेशन निम्म्यात! हॉस्पिटलने आखातातल्या, शेजारच्या देशांतल्या रुग्णांकडे मोर्चा वळवला. अरबी दुभाषे आले, हलाल स्वयंपाकघर आलं. आजूबाजूच्या ‘नाना’ नावाच्या भागात शावरमा आणि हुक्क्याची अख्खी गल्ली आहे, तिथल्या पाट्या अरबीत असतात.

परदेशी रुग्ण हॉस्पिटल निवडताना ‘जेसीआय’ची सोनेरी मोहोर शोधतात. ही अमेरिकन संस्था जगभरच्या हॉस्पिटलांची तपासणी करून मान्यता देते. तिची पहिली मान्यता १९९९ मध्ये ब्राझीलमधल्या साओ पाउलोच्या एका हॉस्पिटलला मिळाली. हॉस्पिटलचं नाव: अल्बर्ट आइनस्टाइन!

औषध आणायला जा, वर बक्षीस घ्या

अमेरिकेत युटा राज्याच्या सरकारी कर्मचाऱ्यांचा विमा बघणाऱ्या संस्थेने काही महागड्या औषधांसाठी नामी शक्कल लढवली. रुग्णाला विमानाने सॅन डिएगोला न्यायचं, तिथून गाडीने मेक्सिकोतल्या तिहुआनाच्या हॉस्पिटलात, तिथे औषध द्यायचं आणि वर प्रत्येक खेपेला ५०० डॉलर हातात ठेवायचे. विमान, गाडी आणि बक्षीस सगळं धरूनही औषध अमेरिकेपेक्षा स्वस्त पडत होतं. औषध तेच, कंपनी तीच, फक्त मधे एक सीमा.

चांदीचं डुक्कर

बरं व्हायला दूर जाणं ही नव्या काळाची टूम नाही. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीसमधल्या एपिडॉरस इथे वैद्यकाचा देव अस्क्लेपिओस याच्या देवळात दूरदूरचे रुग्ण येत. स्नान, पूजा आणि मग देवळाच्या आवारात खास दालनात झोपायचं. स्वप्नात देव येऊन बरं करतो अशी श्रद्धा होती. बऱ्या झालेल्यांच्या कहाण्या दगडावर कोरून लावलेल्या असत आणि त्या आजही वाचता येतात. त्यातली एक अथेन्सच्या अँब्रोसियाची आहे. एका डोळ्याने अधू असलेली ही बाई त्या कहाण्या वाचून हसली. स्वप्नात देव म्हणाला, बरी करतो, पण तुझ्या अज्ञानाची आठवण म्हणून देवळात चांदीचं डुक्कर वाहायचं! सकाळी उठली तर डोळा बरा, असं शिलालेख सांगतो. समाधानी ग्राहकांच्या कहाण्या दारात लावायची रीत तेव्हापासूनची आहे. त्या कहाण्या हॉस्पिटलच निवडतं, हेही तेव्हापासूनचं.

वेल्लोरची बंगाली, लाजपतनगरची दरी

भारतात २०१९ मध्ये सुमारे ७ लाख परदेशी माणसं उपचारांसाठी आली. त्यांच्या पाऊलखुणा गल्ल्यांत दिसतात. तमिळनाडूतल्या वेल्लोरला ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या समोरच्या भागात गेलात तर बंगाली पाट्या, बंगाली बोलणारे लॉजवाले आणि मासे-भाताच्या खानावळी भेटतात, कारण बांगलादेश आणि पश्चिम बंगालमधून रुग्णांची रीघ असते. दिल्लीच्या लाजपतनगरात अफगाण रुग्णांसाठी दरी भाषेत लिहिलेली औषधांची दुकानं उभी राहिली आणि शेजारी काबुली नानच्या भट्ट्या पेटल्या. मालदीवच्या रुग्णांना तिरुवनंतपुरम जवळचं. वैद्यकीय व्हिसावर रुग्णासोबत दोन नातेवाइकांना येता येतं, आणि त्या दोघांना राहायला, जेवायला लागतंच. हॉस्पिटलच्या दारातली ही छोटी बाजारपेठ त्या जेवणाखाणावर उभी असते.

२००४ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाचा एक सुतार हृदयाची झडप दुरुस्त करायला दिल्लीला आला. त्याच्याकडे विमा नव्हता. तिकडे खर्च सुमारे २ लाख डॉलर सांगितला होता. इथे विमानभाड्यासकट १० हजार डॉलरच्या आसपास काम झालं आणि जाताजाता ताजमहालही पाहून झाला. दोन वर्षांनी हे प्रकरण अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे साक्षीत आलं.

पण या सगळ्यात माझी सर्वात आवडती गोष्ट २००३ ची आहे. संसदेवरच्या हल्ल्यानंतर बंद पडलेली दिल्ली-लाहोर बस त्या जुलैत पुन्हा सुरू झाली. लाहोरहून आलेल्या बसमध्ये अडीच वर्षांची एक मुलगी होती, हृदयाला छिद्र असलेली. बंगळुरूत तिचं ऑपरेशन झालं. अनोळखी भारतीयांनी तिला खेळणी पाठवली, पैसे पाठवले, तिच्यासाठी प्रार्थना केल्या. दोन्ही देशांच्या वर्तमानपत्रांत कित्येक दिवस ती पहिल्या पानावर होती.

मिरज आणि डिसेंबर

सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी प्रवासाची दिशा उलटी होती. विल्यम वॉनलेस हे कॅनडात जन्मलेले मिशनरी डॉक्टर १८८९ मध्ये समुद्र ओलांडून भारतात आले आणि १८९४ मध्ये त्यांनी मिरजेला हॉस्पिटल उभारलं. दक्षिण महाराष्ट्र, कोकण, गोवा, कर्नाटक, जिकडून तिकडून माणसं रेल्वेने मिरज जंक्शनला उतरू लागली. मिरज आजही डॉक्टरांचं गाव आहे आणि सांगली-मिरजेच्या वाटेवरची वानलेसवाडी त्यांचंच नाव सांगते. तेव्हा डॉक्टर समुद्र ओलांडून आला, आता रुग्ण ओलांडतो.

आणि आपल्या घरातलाच रुग्ण ओलांडतो! डिसेंबर उजाडला की ठाणे, पुणे, नाशिकच्या डेंटिस्टांच्या डायऱ्या भरतात. कॅलिफोर्नियातून, लंडनहून, दुबईहून मुलं-सुना सुट्टीवर येतात. तिकीट काढायच्या आधी आईला फोन जातो, “डॉक्टरकाकांची वेळ घेऊन ठेव, दोघांच्याही रूट कॅनलला आणि तन्वीच्या अक्कलदाढेला.” मग मावसभावाचं लग्न, गावची जत्रा, हुरडा पार्टी आणि या सगळ्यांच्या मधे खुर्चीवर बसायच्या तारखा. काका एक्स-रे बघून म्हणतात, “गेल्या वर्षी भरलेली ठीक आहे, शेजारची किडली. तिकडे का नाही दाखवलीस?” उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं. तिकडे रूट कॅनल आणि कॅप मिळून दोन-तीन हजार डॉलर, इथे दहा-पंधरा हजार रुपये. शिवाय काका ओळखीचे.

यातला धोका मला काळजीचा वाटतो. सुट्टी तीन आठवड्यांची, म्हणून तीन बैठकांचं काम दोन बैठकांत बसवायचा आग्रह होतो. परत जाताना विमानात दाढ ठणकते. त्यालाही शास्त्र आहे. प्रवासी विमानातला हवेचा दाब साधारण ६ ते ८ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा कमी असतो. किडलेल्या किंवा अर्धवट उपचार झालेल्या दाढेत अडकलेली हवा फुगते आणि कळ येते. दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांना हा त्रास इतका व्हायचा की त्यावर लष्करी डॉक्टरांनी अभ्यास केले. म्हणून दातांचं काम सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात घ्यावं, शेवटच्या नव्हे.

पांढरेशुभ्र, पण...

ब्रिटनमध्ये ‘टर्की टीथ’ हा शब्द आता घरोघर पोहोचलाय. तुर्कस्तानला जाऊन एकसारखे पांढरेशुभ्र दात करून येणाऱ्या तरुणांसाठी तो वापरतात. पुष्कळांना वाटतं की दातावर नुसता पातळ पापुद्रा चिकटवणार. प्रत्यक्षात कित्येकदा कॅप बसवण्यासाठी धडधाकट दात चारी बाजूंनी घासून खुंटाएवढे केले जातात. घासलेला दात परत वाढत नाही, आणि कॅप आयुष्यभर टिकत नाही. विशीत केलेलं काम चाळिशीच्या आत पुन्हा करावं लागणार, ही गोष्ट आधी सांगितली जायला हवी. चांगले डॉक्टर तुर्कस्तानातही आहेत आणि ते असं काम नाकारतात.

जंतूंना मात्र व्हिसा लागत नाही. २००८ मध्ये स्वीडनमधल्या एका रुग्णात एक हट्टी जंतू सापडला. बहुतेक औषधांना तो दाद देत नव्हता. रुग्णावर आधी दिल्लीत उपचार झाले होते, म्हणून त्याच्यातल्या प्रतिकारक घटकाला नवी दिल्लीचं नाव मिळालं: एनडीएम-१. भारतात त्या नावावरून मोठा गदारोळ झाला. नावाचा राग समजण्यासारखा होता, पण मुंबईतल्या डॉक्टरांनीही २०१० मध्ये आपल्याच हॉस्पिटलातल्या रुग्णांत तो सापडल्याचं छापून प्रसिद्ध केलं. हे धाडसाचं काम होतं आणि त्यासाठी त्यांचं कौतुकच करायला हवं. आज कित्येक देशांत परदेशी हॉस्पिटलात राहून आलेल्या रुग्णाची अशा जंतूंसाठी आधी तपासणी करतात.

मोठ्या ऑपरेशननंतर लगेच विमानात बसणंही धोक्याचं. पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. छातीच्या किंवा पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर निदान दहा दिवस थांबा, असा ब्रिटनच्या विमान प्राधिकरणाचा सल्ला आहे. त्या दहा दिवसांचं हॉटेलभाडं बजेटमध्ये धरलेलं असावं.

आणि एक चिटोरं. इम्प्लांटच्या डबीवर छोटा स्टिकर असतो: कंपनी, माप, लॉट नंबर. जगात इम्प्लांटचे शेकडो प्रकार आहेत आणि एकाचा पेच दुसऱ्याला सहसा बसत नाही. पाच वर्षांनी सिअ‍ॅटलमध्ये किंवा साताऱ्यात पेच सैल झाला, तर समोरच्या डॉक्टरला हत्यार कोणतं घ्यायचं ते त्या स्टिकरवरूनच कळतं. चांगले दवाखाने तो न मागता फाइलला लावून देतात. नाही दिला, तर खुर्चीवरून उठायच्या आधी मागून घ्या, फोटो काढा आणि तो घरच्या दोघातिघांना पाठवून ठेवा.